करमणुकीसाठी प्राण्यांचे बंधन आणि श्रावकाचे व्रत

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त यावल येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी मी निवडलेला विषय पाहून अनेकांना आश्चर्य वाटले असेल. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला तापी आणि मध्ये केळीच्या बागा, असे आपले यावल. समुद्र येथून शेकडो किलोमीटर दूर. आणि मी बोलणार आहे ते परदेशांत सिमेंटच्या हौदात ठेवलेल्या एका सागरी प्राण्याविषयी. त्याला इंग्रजीत 'किलर व्हेल' किंवा 'ओर्का' म्हणतात. या प्राण्याचा आणि आपल्या संघाचा संबंध काय, असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे.

संबंध दोन प्रकारचा आहे. पहिला व्यवहाराचा. पन्नास वर्षांपूर्वी हा ट्रस्ट स्थापन झाला तेव्हा आपल्यापैकी बहुतेकांची यात्रा पालिताणा, सम्मेद शिखर, श्रवणबेळगोळ येथपर्यंत असे. आज आपली मुले-मुली पुण्या-मुंबईत, अमेरिकेत आणि आखाती देशांत आहेत. सुटीत आपण बँकॉकला, दुबईला, सिंगापूरला जातो. मुलाकडे गेलो की तो आपल्याला कौतुकाने फ्लोरिडा किंवा कॅलिफोर्निया दाखवतो. सहल कंपनीच्या कार्यक्रमपत्रिकेत डॉल्फिनचे खेळ, हत्तीवरची फेरी, ओर्काचा 'शो' हे सारे आधीच छापलेले असते. तेथे आपल्यासाठी जैन भोजनाची व्यवस्था असते. कांदा-लसूण नाही ना, याची आपण दहा वेळा चौकशी करतो. समोर चाललेल्या खेळाविषयी मात्र एकही प्रश्न विचारत नाही.

दुसरा संबंध तत्त्वाचा आहे. करमणुकीसाठी किंवा शोभेसाठी एखाद्या पंचेंद्रिय जीवाला जन्मभर अडकवून ठेवणे आणि त्यासाठी पैसे देणे, हे श्रावकाच्या व्रतात बसते काय? आजच्या व्याख्यानाचा प्रश्न एवढाच आहे.

प्रथम या जीवाची ओळख करून घेऊ. नावात 'व्हेल' असले तरी ओर्का हा डॉल्फिनच्या कुळातील सर्वांत मोठा प्राणी. तो मासा नव्हे. तो फुप्फुसाने श्वास घेतो, पिलाला जन्म देतो आणि दूध पाजतो. नराची लांबी सात-आठ मीटर, वजन पाच-सहा टनांपर्यंत. एका दिवसात तो शंभर-सव्वाशे किलोमीटर अंतर सहज कापतो, म्हणजे सुमारे यावलहून धुळ्यापर्यंतचे. मादी ऐंशी वर्षांपर्यंत जगू शकते. त्यांचे कुटुंब आईभोवती बांधलेले असते, आणि काही समूहांत तर मुलगे व मुली दोघेही आयुष्यभर आईला सोडून जात नाहीत. वयस्क आजी पुढे असते आणि सारे कुटुंब तिच्या मागे चालते. प्रत्येक कुटुंबाची आवाजांची स्वतंत्र बोली असते. 2018 मध्ये अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर एका ओर्का मातेचे पिलू जन्मानंतर लगेच दगावले. ते मृत पिलू डोक्यावर तोलून ती माता 17 दिवस, सुमारे 1600 किलोमीटर पोहत राहिली. साऱ्या जगाने ती छायाचित्रे पाहिली.

विज्ञानाने हे अलीकडे सिद्ध केले. आपल्या आचार्यांनी जलचरांना पंचेंद्रिय तिर्यंचांत फार पूर्वीच स्थान दिले आहे. जीवविचारात जलचरांचे जे प्रकार येतात, त्यांत मत्स्य, कच्छप, ग्राह, मगर यांच्याबरोबर सुंसुमारही आहे. संस्कृतातील 'शिशुमार' हे नाव गंगेतील डॉल्फिनला लावले जाते. त्यामुळे ओर्काला सुखदुःख कळते काय, हा प्रश्न आपल्यापुढे उरत नाही. त्या उत्तराचे आपण काय करतो, हा खरा प्रश्न आहे.

आता एका ओर्काची हकीकत सांगतो. 8 ऑगस्ट 1970 रोजी अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याच्या पेन कोव्ह या खाडीत ओर्कांची मोठी धरपकड झाली. नौका आणि स्फोटकांच्या आवाजाने कळपांना हाकलून जाळ्यात कोंडले गेले. मोठ्यांना ठेवून घेण्यात शिकाऱ्यांना रस नव्हता. वाहून नेण्यास सोपी अशी पिले त्यांना हवी होती. पिले वेगळी काढली जात असताना त्यांच्या माता जाळ्याबाहेर घुटमळत ओरडत राहिल्या. काही ओर्का जाळ्यात गुदमरून मेले. ही बातमी फुटू नये म्हणून मेलेल्या पिलांची पोटे फाडून त्यांत दगड भरून ती बुडवली गेली. काही महिन्यांनी ती किनाऱ्याला लागली आणि सत्य उघड झाले.

त्या दिवशी पकडलेल्या पिलांपैकी एक होती टोकिटे. तिला फ्लोरिडातील मायामी येथील एका जलक्रीडागृहात नेऊन 'लोलिता' हे नाव देण्यात आले. तिचा हौद सुमारे 80 फूट लांब आणि सर्वांत खोल जागी 20 फूट होता; ती स्वतःच सुमारे 20 फूट लांबीची झाली. ह्यूगो नावाचा तिच्याच जातीचा एक सोबती तेथे होता. तो हौदाच्या भिंतीवर डोके आपटत असे; 1980 मध्ये तो मेला. त्यानंतर 43 वर्षे टोकिटेने आपल्या जातीचा दुसरा जीव पाहिला नाही. मार्च 2023 मध्ये तिला तिच्या मूळ समुद्रात परत नेण्याची योजना जाहीर झाली. 18 ऑगस्ट 2023 रोजी त्याच हौदात तिचा मृत्यू झाला. त्या किनाऱ्यावरील लम्मी आदिवासी ओर्काला आपले नातलग मानतात. त्यांनी तिची रक्षा घरच्या पाण्यात विसर्जित केली. त्रेपन्न वर्षांनी ती घरी गेली ती अशी.

बंधू-भगिनींनो, यात खून नाही, मांसविक्री नाही. तिला वेळेवर खाणे मिळत होते, पशुवैद्य येत होता, प्रशिक्षक तिच्यावर प्रेम करीत होते. मग यात हिंसा कोठे आहे? याचे उत्तर प्रतिक्रमणात आपण जे अतिचार उच्चारतो त्यांत आहे. अहिंसा अणुव्रताचे, म्हणजेच स्थूल प्राणातिपात विरमण व्रताचे, पाच अतिचार आपल्या सर्व संप्रदायांना मान्य आहेत: बंध, वध, छविच्छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. लक्षात घ्या, या यादीत पहिला शब्द 'बंध' आहे. जीव घेतला नाही, पण त्याला अडकवले, तरी व्रताला डाग लागला, असे आपले शास्त्र सांगते. हे पाच शब्द घेऊन आपण त्या हौदाकडे पाहू.

बंध तर उघडच आहे. समुद्रात ज्याचे एका दिवसाचे चालणे सव्वाशे किलोमीटर, त्याला आयुष्यभर गोल-गोल फिरण्यास लावणे हाच बंध. भोवती दोरखंड नसला आणि भिंती निळ्या रंगाच्या असल्या, तरी तो बंधच.

वध म्हणजे येथे ताडन. हत्तीच्या बाबतीत अंकुश आणि साखळी आपण पाहिलेली आहे. ओर्काला चाबूक मारता येत नाही. पण अनोळखी कुटुंबांतील ओर्का एका हौदात कोंडले की बलवान दुर्बलाला दातांनी ओरबाडतो, आणि दुर्बलाला पळून जाण्यास जागा नसते. समुद्रात असे भांडण दूर निघून गेल्याने मिटते. येथे मार देणारा ओर्का असला तरी ती जागा माणसानेच बांधलेली असते.

छविच्छेद म्हणजे अवयवाचा नाश. कंटाळलेले ओर्का हौदाच्या सिमेंटच्या कडा आणि लोखंडी फाटके चावतात. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बंदिवासातील 29 ओर्कांचे दात तपासले गेले. एकाचेही दात पूर्ण धड नव्हते. तुटलेल्या दातांना भोके पाडावी लागतात आणि ती पोकळी पुढे नियमितपणे धुवावी लागते. आपल्याकडे दरवेशी लोक अस्वलाच्या नाकातून दोरी ओवीत आणि त्याचे सुळे काढीत. तोही छविच्छेदच होता. श्रावकाला वर्ज्य सांगितलेल्या पंधरा कर्मादानांत प्राण्यांचे नाक टोचण्याचा धंदा 'निर्लांछन कर्म' म्हणून स्वतंत्र नोंदवलेला आहे, हे येथे आठवावे.

अतिभारारोपण म्हणजे शक्तीपेक्षा किंवा स्वभावापेक्षा अधिक काम लादणे. दिवसाकाठी अनेक खेळ, कर्कश संगीत, टाळ्यांचा गडगडाट, आणि हे सारे आवाजाच्या आधारे जग ओळखणाऱ्या प्राण्यासमोर. डांबरी रस्त्यावर, वाजंत्रीच्या गोंगाटात मिरवणुकीत चालणाऱ्या हत्तीवरचा भारही केवळ अंबारीचा नसतो.

अन्नपाननिरोध हा पाचवा. खेळ शिकवण्याचे साधन मासळी. खेळ केला तर घास. कॅनडातील एका जलक्रीडागृहात सराव न जमल्यास ओर्काचे खाणे रोखले जात असे, असे तेथील माजी प्रशिक्षकांनी सांगितले आहे. तेथे तिलिकुम नावाचा नर होता. 1983 मध्ये आइसलँडजवळ त्याला सुमारे दोन वर्षांचा असताना पकडले होते. रात्री त्याला दोन माद्यांसह एका अंधाऱ्या लहान कप्प्यात कोंडत असत. सकाळी त्याच्या अंगावर दातांचे ओरखडे दिसत.

या तिलिकुमची पुढील कथा जगाला ठाऊक आहे. 1991, 1999 आणि 2010 अशा तीन प्रसंगी तीन माणसांच्या मृत्यूशी त्याचे नाव जोडले गेले. 24 फेब्रुवारी 2010 रोजी मृत्यू पावलेल्या डॉन ब्रँशो या फ्लोरिडातील ऑरलँडो येथील 'सी वर्ल्ड'च्या अनुभवी प्रशिक्षिका होत्या, आणि त्यांचे या प्राण्यांवर मनापासून प्रेम होते. मुक्त समुद्रात ओर्काने माणसाचा जीव घेतल्याची नोंद नाही. 'किलर' हे नाव आपण दिले, आणि तसे वागण्याची वेळही आपणच आणली. 2013 मध्ये 'ब्लॅकफिश' या माहितीपटाने ही कथा घरोघरी नेली. प्रेक्षक घटले. मार्च 2016 मध्ये 'सी वर्ल्ड'ने ओर्कांचे प्रजनन थांबवत असल्याची घोषणा केली. तिलिकुम जानेवारी 2017 मध्ये मरण पावला. कॅनडाने 2019 मध्ये कायदा करून व्हेल-डॉल्फिन करमणुकीसाठी बंदिस्त ठेवण्यास मनाई केली. फ्रान्सने 2021 मध्ये अशा खेळांवर बंदी घालणारा कायदा केला.

येथे माझा मुख्य मुद्दा येतो. हा बदल मोर्च्यांनी किंवा न्यायालयांनीच घडवला नाही. तिकिटे खपेनाशी झाली, म्हणून तो घडला. याचा उलटा अर्थ असा की, त्यापूर्वीची सारी वर्षे तो हौद तिकिटांवर चालत होता. आपल्यापैकी एखादा जाणकार म्हणेल, "आम्ही कोणाला पकडले नाही, कोणाला बांधले नाही. आम्ही फक्त पाहिले. श्रावकाचे व्रत दोन करणांचे असते. करणार नाही, करविणार नाही. अनुमोदन तर साधूलाच वर्ज्य." हा युक्तिवाद वरवर बिनतोड दिसतो. परंतु दूर उभे राहून एखाद्या गोष्टीला मनात बरे म्हणणे हे अनुमोदन. त्या गोष्टीचे मोल देणे हे अनुमोदन नव्हे. ज्या कामाचा खर्च मी देतो, जे काम माझ्या पैशाविना उद्या बंद पडेल, ते मी करवीत असतो. तिकीट हे 'कारित' आहे. आणि कारित श्रावकालाही सुटलेले नाही.

आणखी एक हिशेब पाहा. बंदिवासातील एका ओर्काला दररोज साठ ते शंभर किलो मासळी लागते. समुद्रात तो जे खातो ते त्याचे कर्म, त्याचा स्वभाव. हौदात त्याला जे घातले जाते ते आपल्या पैशाने, आपल्या करमणुकीसाठी मारून आणलेले असते. जैन भोजनाचा डबा हातात घेऊन त्या प्रेक्षागृहात बसणाऱ्याने हा विचार अवश्य करावा.

गृहस्थाला हिंसा पूर्ण टळत नाही, हे शास्त्राने मान्य केले आहे. शेती आहे, व्यापार आहे, स्वयंपाक आहे, स्वसंरक्षण आहे. पण करमणूक यांपैकी कशातही मोडत नाही. जी हिंसा टाळल्याने आपले काहीही अडत नाही, तिला आपण 'अनर्थदंड' म्हणतो, आणि त्यापासून विरमणाचे श्रावकाला स्वतंत्र व्रत दिले आहे. पशूंच्या झुंजी पाहत बसणे हे प्रमादाचरण म्हणून वर्ज्य सांगितले, ते याच कारणाने.

हे सारे परक्या देशातले, असे म्हणून आपल्याला सुटता येणार नाही. भारतातील पहिली मोठी सर्कस 1880 मध्ये उभी केली ती विष्णुपंत छत्रे या मराठी गृहस्थांनी. त्यांच्या कर्तृत्वाचा आपल्याला अभिमान आहे. पण पुढे शंभर वर्षे गावोगावच्या तंबूंत वाघ-सिंहांना आगीच्या कड्यातून उडी मारताना पाहून टाळ्या वाजवणारे आपणच होतो. 1998 मध्ये केंद्र शासनाने अस्वल, माकड, वाघ, बिबट्या व सिंह यांच्या खेळांवर बंदी घातली. 2001 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. दरवेश्यांच्या अस्वलांचे नाचही पुढील काळात थांबले. ते थांबवताना केवळ अस्वले काढून घेतली नाहीत, तर त्या गरीब कुटुंबांना दुसरा रोजगार मिळवून देण्याचे काम प्राणिमित्र संस्थांनी केले. अहिंसेचा मार्ग प्राण्यांवर करुणा करून माणसाला उपाशी ठेवणारा नसतो, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

डॉल्फिनच्या बाबतीतही आपला देश अनुभवातून शिकला. 1998 मध्ये चेन्नईजवळ बल्गेरियाहून डॉल्फिन आणून खेळ सुरू करण्यात आले. काही महिन्यांतच ते डॉल्फिन मेले. पुढे देशात ठिकठिकाणी डॉल्फिनगृहांचे प्रस्ताव येऊ लागले, तेव्हा मे 2013 मध्ये केंद्राने परिपत्रक काढून राज्यांना डॉल्फिनगृहांस परवानगी न देण्यास सांगितले. हे प्राणी इतके बुद्धिमान व संवेदनशील आहेत की त्यांना करमणुकीसाठी कोंडणे नैतिकदृष्ट्या योग्य नाही, अशी भूमिका त्यात घेतलेली होती. मुंबईच्या राणीच्या बागेत 2016 मध्ये आठ पेंग्विन आणले गेले, त्यांतील एक त्याच वर्षी ऑक्टोबरात मेला. गर्दी मात्र वाढली. म्हणजे कायदा काही बाबतींत पुढे गेला असला, तरी प्रेक्षकाचे मन अजून तेथेच रेंगाळलेले आहे.

आता एका नाजूक विषयाकडे वळतो. आपल्याच समाजातील तो असल्याने टाळता येणार नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील नांदणीच्या प्राचीन जैन मठात 1992 पासून महादेवी नावाची हत्तीण होती. परिसरातील लोक तिला 'माधुरी' म्हणत. 16 जुलै 2025 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तिला गुजरातेतील जामनगर येथील 'वनतारा' केंद्रात पाठवण्याचा निर्णय कायम केला. 28 जुलैला सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप केला नाही. तिला निरोप देताना हजारो लोक रडले. पुढे मोठा मूक मोर्चा निघाला, लाखो लोकांनी सह्या केल्या. ऑगस्टमध्ये तिच्यासाठी नांदणी परिसरातच पुनर्वसन केंद्र उभारण्याचा प्रस्ताव पुढे आला. तिच्या प्रकृतीविषयी मठाचे म्हणणे आणि तपासणी समितीचे अहवाल यांत अंतर होते. त्या वादात निवाडा देण्याचा माझा अधिकार नाही. शिवाय त्या मठात तिकीट नव्हते. तेथे शतकांची परंपरा होती आणि लोकांचे अश्रू खरे होते. मायामीच्या हौदाशी त्या मठाची बरोबरी करणे अन्यायाचे ठरेल.

पण एक प्रश्न तरीही उरतो, आणि तो आपण आपल्यालाच विचारला पाहिजे. हत्तिणीचेही कुटुंब ओर्कासारखेच असते. वडीलधारी मादी पुढे, लेकी-नाती तिच्या मागे; मादी हत्ती आपला कळप आयुष्यभर सोडत नाही. महादेवी आली तेव्हा ती लहान पोर होती. तेहेतीस वर्षे ती माणसांच्या प्रेमात, पण कळपापासून दूर राहिली. आपले प्रेम खरे होते म्हणून तिचा बंध खोटा ठरतो काय? प्रशिक्षकांचेही तिलिकुमवर प्रेम होते. प्रेमाने बंध सुसह्य होतो, पण तो नाहीसा होत नाही. न्यायालयाने पारंपरिक उपयोगाच्या हक्कापेक्षा हत्तिणीच्या चांगल्या जगण्याच्या हक्काला अधिक वजन दिले. ते वाचताना मला वाटले की, हा विचार न्यायालयाने आपल्याला सांगावा आणि आपण त्याला विरोध करावा, हे चित्र काहीसे उलटे आहे. हा विचार तर आपण जगाला सांगायचा होता.

कोणी विचारेल, मग पांजरापोळही बंदच करावी काय? तेथेही जनावरे कुंपणात असतात. हा प्रश्न योग्य आहे आणि त्याचे उत्तर एका शब्दात देता येते. विचारावे: "कोणासाठी?" मुंबईची पांजरापोळ 1834 मध्ये स्थापन झाली, ती निराधार जनावरांसाठी. तेथे कुंपण जनावराच्या रक्षणासाठी असते. ते कुंपण काढले तर अपाय जनावराला होतो. हौद आणि पिंजरा पाहणाऱ्यासाठी असतो; तो काढला तर नुकसान फक्त मालकाच्या गल्ल्याचे होते. तसेच जे प्राणी बंदिवासात जन्मले किंवा म्हातारे झाले, त्यांना एकाएकी सोडून देणे हीही करुणा नव्हे. 'फ्री विली' या चित्रपटातील केइको या ओर्काला अनेक वर्षांच्या तयारीनंतर 2002 मध्ये मुक्त केले. तो नॉर्वेपर्यंत पोहत गेला, पण माणसांची सोबत शोधत राहिला आणि डिसेंबर 2003 मध्ये मरण पावला. म्हणून मार्ग असा: नवे पकडणे बंद, प्रजनन बंद, खेळ बंद, आणि जे आहेत त्यांना शेवटपर्यंत मोठ्या, शांत जागेत सांभाळणे. म्हणजे हौदाची पांजरापोळ करणे.

"कोणासाठी?" हा प्रश्न माझा नाही. तो बावीसाव्या तीर्थंकरांनी विचारलेला आहे. नेमिकुमारांची वरात निघाली होती. वाटेत वाड्यात कोंडलेल्या पशूंचा आक्रोश त्यांनी ऐकला. सारथ्याला विचारले, सुखाची इच्छा असणारे हे जीव येथे कोणासाठी कोंडले आहेत? सारथ्याने सांगितले, आपल्याच विवाहाच्या भोजनासाठी. येथे थांबून विचार करा. तो वाडा नेमिकुमारांनी बांधला नव्हता. त्यांनी कोणाला आज्ञा दिली नव्हती. त्यांना त्याची कल्पनाही नव्हती. तरी "माझ्यासाठी" हे कळताच त्यांनी रथ वळवला. "मी कुठे बांधले?" असे ते म्हणाले नाहीत. वराने रथ वळवला, तेव्हा तो वाडा ज्यासाठी होता ते कारणच संपले. गिरनारची यात्रा आपण किती भक्तीने करतो! ज्या वळणावरून तो रथ गिरनारकडे वळला, ते वळण आपल्या व्यवहारात कोठे येते, हे पाहणे हीही यात्राच आहे.

म्हणून या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने विश्वस्त मंडळापुढे आणि संघापुढे चार नम्र सूचना ठेवतो.

पहिली, आपल्या ट्रस्टच्या वरघोड्यात आणि रथयात्रेत भाड्याने आणलेला हत्ती, उंट किंवा घोडा नसावा, असा ठराव व्हावा. भगवंताची पालखी श्रावकांनी खांद्यावर घ्यावी. तिच्याहून मोठी शोभा नाही. हत्तीचे रूप हवेच असेल, तर केरळातील एका मंदिराने 2023 मध्ये यांत्रिक हत्ती आणून मार्ग दाखवलेला आहे. आपल्या वडीलधाऱ्यांना हे रुचणे कठीण आहे, याची मला जाणीव आहे. दारासमोर झुलणारा हत्ती ही त्यांच्या काळची प्रतिष्ठा होती. म्हणून हा ठराव त्यांच्याच हस्ते मांडला जावा, ही विनंती.

दुसरी, संघाच्या नावाने निघणाऱ्या सहलींत प्राण्यांचे खेळ, हत्तीवरील फेरी आणि डॉल्फिनचा कार्यक्रम वगळण्यास सहल कंपनीला लेखी कळवावे. एका कुटुंबाने सांगितले तर ते हसतील. चाळीस कुटुंबांनी सांगितले तर कार्यक्रमपत्रिका बदलेल. आपण व्यापारी आहोत, गिऱ्हाइकाचे वजन आपल्याला समजावून सांगण्याची गरज नाही.

तिसरी, पाठशाळेत पाच अतिचार आजच्या उदाहरणांसह शिकवावेत. हौदात ओर्का पाहून मुलांना निसर्गाचे ज्ञान होते, असे म्हणतात. त्या मुलाला ओर्का नाही, तर कैदी दिसतो. आणि कैदी पाहून टाळ्या वाजवण्याचे शिक्षण मिळते. डॉल्फिन दाखवायचे असतील तर दापोली किंवा तारकर्लीच्या किनाऱ्यावर दूर उभ्या होडीतून दाखवावेत. आणि आपल्या घराजवळ यावल अभयारण्य आहे. सातपुड्यात दिवसभर हिंडून एकही मोठे जनावर दिसले नाही, तरी मूल एक मोठी गोष्ट शिकून येते: जंगल आपल्याला दाखवण्यासाठी नाही.

चौथी, या दोन बाबींत वाचलेला पैसा पांजरापोळीस द्यावा, आणि प्राण्यांच्या खेळावर पोट असलेले एखादे कुटुंब आपल्या भागात आढळल्यास त्याला दुसरा व्यवसाय उभा करून देण्यात ट्रस्टने पुढाकार घ्यावा.

ट्रस्टची पुढील पन्नास वर्षे या पाठशाळेतील मुलांची आहेत. टोकिटेला सोडवण्यास जगाला त्रेपन्न वर्षे पुरली नाहीत, कारण दररोज कोणीतरी तिकीट घेत होते. आपण ते घेणार नाही, एवढे ठरवणे आपल्या हाती आहे. त्यासाठी कायदा लागत नाही, वर्गणी लागत नाही. रथ वळवावा लागतो, एवढेच.